मिझुरीकडून तीनदा हरलो, त्याचा जाब कुणाला विचारायचा?

मे २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात मिझुरी विद्यापीठाचा बेसबॉल संघ टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशनला आला, तेव्हा तो एसईसी या आपल्या कॉन्फरन्समध्ये (म्हणजे मुख्यतः दक्षिणेतल्या सोळा विद्यापीठांच्या गटात) चोवीस सामने खेळला होता आणि चोवीसही हरला होता. इथे येऊन तो तीन सामने खेळला, तिन्ही जिंकला आणि परत गेला. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत कॉन्फरन्समध्ये त्याला पुन्हा विजय मिळाला नाही. शेवटचा हिशेब ३ विजय, २७ पराभव. ते तिन्ही विजय आमच्याविरुद्ध, तेही आमच्याच मैदानावर. आणि आम्ही म्हणजे कोण, तर फेब्रुवारीत हंगामाचा पहिला चेंडू पडायच्या आधी ‘डीवन बेसबॉल’ या कॉलेज बेसबॉलच्या संकेतस्थळाच्या यादीत देशात पहिल्या क्रमांकावर असलेला टेक्सास ए अँड एमचा संघ.

मी या विद्यापीठात एम.एस. करायला आले तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. इथे येणाऱ्या बहुतेक मराठी मुलामुलींचं तसंच असतं. क्रिकेटवर पोसलेला मेंदू आधी या खेळाला नाक मुरडतो, मग फावल्या वेळात ब्लू बेल पार्कवर जाऊन बसतो आणि दुसऱ्या वर्षी ‘बुलपेनमध्ये (राखीव पिचर, म्हणजे गोलंदाज, बसतात तिथे) डावखुरा कोण शिल्लक आहे’ यावर वाद घालू लागतो. आमच्या मैदानाची एक खोड आहे. समोरच्या पिचरनं चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकट पहिल्या बेसवर पाठवलं की सगळं स्टेडियम पुढच्या बॅटरच्या वेळी ‘बॉल फाइव्ह’, ‘बॉल सिक्स’ असं मोजत सुटतं. पिचर सरळ चेंडू टाकेपर्यंत ते थांबत नाही. एकदा त्या ओरडण्यात आपला आवाज मिसळला की माणूस त्या संघाचा होऊन जातो. मी आता ह्यूस्टनला राहते, नोकरी-संसार आहे, तरी वसंतातले शनिवार-रविवार कॉलेज स्टेशनच्या वाटेवर जातात.

भारतातल्या वाचकाला हे वेड कदाचित कळणार नाही. आपल्याकडे विद्यापीठांच्या क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक एके काळी वर्तमानपत्रांतून वाचला जायचा. आज तो कुठे खेळला जातो हे विचारलं तर क्रिकेटवेड्या घरातही उत्तर मिळायचं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत गोष्ट उलटी आहे. तिथल्या कित्येक गावांना व्यावसायिक संघ नाही, विद्यापीठ हाच त्यांचा संघ. आजोबा, वडील, मुलगी एकाच रांगेतल्या खुर्च्या वर्षानुवर्षं राखून ठेवतात. म्हणून इथे हंगाम वाया जातो तेव्हा गाव रागावतं. या रागाबद्दलच मला बोलायचं आहे. राग मलाही आला आहे, भरपूर आला आहे. पण तो ज्यांच्यावर निघतो आहे ती माणसं मला चुकीची वाटतात.

आधी आकडे, म्हणजे कुणी म्हणायला नको की ही उगाच रडते आहे. पूर्ण हंगाम ३० विजय, २६ पराभव. कॉन्फरन्समध्ये ११ विजय, १९ पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ घेतात. त्यात एसईसीच्या सोळापैकी तेरा संघांना जागा मिळाली, आजवर कुठल्याही एका कॉन्फरन्सला मिळाल्या नव्हत्या इतक्या. बाहेर राहिले तीन: मिझुरी, साउथ कॅरोलायना आणि आम्ही. वर्गातली सगळी मुलं पास झाल्यावर जे तिघे मागच्या बाकावर उरतात, त्यात आदल्या वर्षीचा देशातला दुसरा नंबर.

हो, आदल्या वर्षीचा दुसरा नंबर. २०२४ साली याच संघानं ५३ सामने जिंकले होते आणि १५ हरले होते. ओमाहा शहरात राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा टप्पा, कॉलेज वर्ल्ड सिरीज, होतो. तिथे तीन सामन्यांच्या अंतिम फेरीत टेनेसीविरुद्ध पहिला सामना ९-५ असा घेतला. दुसरा १-४ गेला, तिसरा ५-६. एका रनचं अंतर. ए अँड एम १९५१ पासून २०२४पर्यंत आठ वेळा ओमाहाला गेलं होतं, विजेतेपद एकदाही नव्हतं. त्या रात्री ते जितकं जवळ आलं होतं तितकं पूर्वी कधी आलं नव्हतं.

आणि त्या शेवटच्या सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेत एका वार्ताहरानं कोच जिम श्लॉसनेगल यांना विचारलं, तुम्ही टेक्सास विद्यापीठात जाणार अशी चर्चा आहे, खरं काय? ते चिडले. हा प्रश्न विचारणं स्वार्थीपणाचं आहे म्हणाले, आपण ए अँड एमला आलो ते यापुढे दुसरी नोकरी धरायची नाही म्हणूनच, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते टेक्सासचे कोच झाले. टेक्सास म्हणजे ऑस्टिनचं विद्यापीठ, आमचं सव्वाशे वर्षांपासूनचं वैर. तिथले क्रीडा संचालक ख्रिस डेल कॉन्टे हे टीसीयू विद्यापीठात असल्यापासून श्लॉसनेगल यांच्या ओळखीचे, त्यामुळे हे आकाशातून पडलेलं नव्हतं. पिचिंग कोच मॅक्स वायनरही त्यांच्यापाठोपाठ ऑस्टिनला गेले.

श्लॉसनेगल यांना शिव्या घालण्यात मी पुष्कळ वेळ घालवला आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण नोकरी बदलणं हा गुन्हा नव्हे. आपल्या ओळखीतल्या निम्म्या माणसांनी ‘आता इथेच’ म्हणून पुढच्या महिन्यात कंपनी बदललेली असते. २०२५च्या हंगामाचा जाब त्यांना विचारता येणार नाही. तो विचारायचा त्यांच्या जाण्यानंतरच्या त्या काही दिवसांतल्या निर्णयाबद्दल.

त्या दिवसांत काय घडलं ते पाहा. कॉलेज खेळात आता ट्रान्सफर पोर्टल नावाची सोय आहे. खेळाडूनं त्यात नाव टाकलं की तो दुसऱ्या विद्यापीठात जायला मोकळा. पूर्वी बदली केली की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. ती अट आधी ढिली झाली आणि २०२४च्या एप्रिलात जवळजवळ गेलीच. कोच बदलला की तर खेळाडूंना जाण्यासाठी खास मुदत मिळते. श्लॉसनेगल गेले आणि आमच्या काही प्रमुख खेळाडूंनी पोर्टलमध्ये नावं टाकली. क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स यांना नेब्रास्काहून येऊन तेव्हा जेमतेम तीन-चार महिने झाले होते. हाताशी देशातला सर्वांत भारी समजला जाणारा संघ, आणि तो डोळ्यांदेखत फुटत चाललेला. खेळाडूंचा आग्रह होता की बॅटिंग कोच मायकल अर्ली यांनाच मुख्य कोच करा. अर्ली स्वतः एव्हाना श्लॉसनेगल यांच्यामागोमाग ऑस्टिनला निघाले होते. त्यांना परत बोलावलं, आठवडा उलटायच्या आत मुख्य कोच केलं, आणि पोर्टलमध्ये गेलेली मुलं माघारी आली. गावात आनंदीआनंद. संघ वाचला!

वाचला तो खेळाडूंच्या नावांचा कागद. त्या आठवड्यात खरा प्रश्न ‘हा संघ पुढच्या वर्षी कोण चालवेल’ असा होता. विचारला गेला तो ‘हा संघ कुणामुळे टिकेल’ असा. दोन्हींचं उत्तर एकच माणूस असू शकतो, पण तसं असेलच याची तपासणी कुणी केली नाही, करायला वेळच नव्हता. अर्ली यांनी त्याआधी कुठल्याही कॉलेज संघाचं मुख्य कोचपद सांभाळलेलं नव्हतं.

बेसबॉलचा मुख्य कोच करतो तरी काय, असं क्रिकेटवाल्यांना वाटतं, कारण आपल्याकडे मैदानावरचे निर्णय कॅप्टन घेतो. इथे कॅप्टन नसल्यातच जमा. पिचर कधी काढायचा, कुणाला आणायचा, बंट करायची (चेंडू नुसता अडवून जवळच पाडायचा) की फटका मारू द्यायचा, धावणाऱ्याला कधी सोडायचं, सगळं डगआउटमधून, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बाकांवरून, ठरतं. आठवड्याच्या शेवटी एकाच संघाशी तीन सामने असतात, त्यामुळे शुक्रवारी थकवलेला पिचर रविवारी नसतो. शुक्रवारची सातवी इनिंग वाचवायला जो वापरला त्याची किंमत रविवारच्या पाचव्या इनिंगमध्ये मोजावी लागते. हे गणित पुस्तकातून येत नाही, हरून हरून येतं. बॅटिंग कोचला हे गणित कधी मांडावं लागत नाही. त्याचं काम वेगळं: पिंजऱ्यात एकेका मुलाचा फटका बसवणं. अर्ली ते काम उत्तम करायचे, २०२४चे होम रन (आपल्याकडच्या षटकारासारखे फटके) हा त्याचा पुरावा. मुख्य कोचचं काम त्यांना शिकायचं होतं, आणि शिकायला त्यांना दिला गेला देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ. जे वर्ष जिंकायचं होतं तेच एका माणसाच्या उमेदवारीचं वर्ष करून टाकलं. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

इथे जाणकार वाचक मला अडवेल आणि अडवायलाच हवं. ज्या टोनी व्हिटेलोंनी २०२४ला अंतिम फेरीत आम्हाला हरवलं, तेही टेनेसीला येण्याआधी कधी मुख्य कोच नव्हते, सहायकच होते. बरोबर. त्यांचा २०१८चा पहिला हंगाम २९ विजय, २७ पराभव असा होता आणि राष्ट्रीय स्पर्धेत टेनेसीला जागा मिळाली नव्हती. आमच्या २०२५च्या आकड्यांशी ताडून पाहा, जुळी भावंडं वाटतील. सहा वर्षांनी तोच माणूस विजेता झाला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघानं त्याला मुख्य कोच म्हणून नेलं. उलट बाजूला साउथ कॅरोलायना. त्यांनी निवृत्तीतून बाहेर काढून आणले पॉल मेनिएरी, ज्यांनी २००९ला एलएसयूला (लुईझियाना स्टेट विद्यापीठाला) विजेतेपद मिळवून दिलं होतं. अनुभवाला तोटा नव्हता. पहिल्याच हंगामात कॉन्फरन्समध्ये ६ विजय, २४ पराभव. आमच्यापेक्षाही वाईट.

तेव्हा ‘अननुभवी माणूस नेमला म्हणून हरलो’ असं सरळसोट मी म्हणत नाही, आणि अर्ली यांना हाकला म्हणणाऱ्यांतही मी नाही. पण टेनेसीनं व्हिटेलोंना २०१७मध्ये नेमलं तेव्हा त्यांचा संघ गाळात होता. चुका करायला जागा होती, कुणाचं काही फार बिघडणार नव्हतं. विद्यापीठानं जाणूनबुजून एक कोरा माणूस घेतला आणि त्याला वेळ दिला. आमच्याकडे वेळ हाच जिन्नस नव्हता. आमचा मोठा फटकेबाज जेस लाव्हिओलेट तिसऱ्या वर्षात होता, वर्ष संपताच ड्राफ्टमधून (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यातून) व्यावसायिक बेसबॉलला जाणार हे जगाला माहीत होतं. केडन केंटचंही तेच. पिचर रायन प्रेगरला तर २०२४च्या ड्राफ्टमध्ये एंजल्स या व्यावसायिक संघानं तिसऱ्या फेरीत घेतलं होतं. त्यानं ते पैसे सोडले आणि एक वर्ष अजून खेळायला परत आला. या मुलांसाठी ‘हळूहळू जमेल’ला काही अर्थ नव्हता. त्यांच्यापुढे एकच वसंत होता.

दुखापतींचं कारण खरं आहे, ते मी नाकारत नाही. पहिल्याच वर्षी २३ होम रन मारणारा गॅव्हिन ग्राहोव्हॅक हंगामाच्या सुरुवातीलाच खांद्याच्या दुखण्यानं बाहेर गेला तो गेलाच. डावखुरा पिचर शेन स्डाओ कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे पूर्ण वर्ष नव्हता. ब्रेडन माँटगोमेरी आणि एव्हन ॲशनबेक २०२४नंतर निघूनच गेले होते. एवढी माणसं नसली तर कुठलाही संघ पाच-सहा सामने जास्त हरेल. पण याच उरल्यासुरल्या संघानं एप्रिलमध्ये गतविजेत्या टेनेसीला त्यांच्या घरी जाऊन मालिकेत हरवलं. म्हणजे खेळ अंगात होता. मग एप्रिलअखेर ऑस्टिनला श्लॉसनेगल यांच्या नव्या संघानं तिन्ही सामन्यांत आम्हाला झोपवलं (टेक्सास त्या वर्षी एसईसीत पहिलं आलं, हे मुद्दाम सांगायची गरज नव्हती, पण जखमेवरची खपली काढल्याशिवाय चाहत्याला चैन कुठे), आणि मेमध्ये मिझुरी. टेनेसीत जिंकणारा संघ मिझुरीला तीनदा हरतो, तेव्हा त्याची फोड खांदा आणि कोपर या दोन शब्दांत होत नाही. प्रत्येक बॅटर तीन रन एकाच फटक्यात काढायला बघतो आहे, धावणारे बेसवर उभ्याउभ्या वाळत आहेत आणि वर कुणी ‘आज नुसतं चेंडूला बॅट लावा’ म्हणायला तयार नाही, असं मला त्या महिन्यात दिसत होतं. हे डगआउटमधून सुधारायचं असतं.

आता चाहत्यांकडे वळते, कारण मला खरा त्रास तिथे झाला.

त्या वसंतात लाव्हिओलेटबद्दल जे बोललं गेलं ते ऐकून कुणालाही वाटावं, या पोरानं गावाचा पाणीपुरवठा तोडला. बॅटिंगची सरासरी घसरून .२५८ वर आली होती, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) फार होत होते, हे खरंच आहे. पण त्यानं त्या ‘वाईट’ वर्षातही १८ होम रन मारले. आधीच्या दोन वर्षांचे २१ आणि २९ धरले तर ६८, ए अँड एमच्या इतिहासात सर्वाधिक. त्याच्याकडे पैसे आले म्हणून तो सैलावला, असं स्टेडियमच्या पायऱ्यांवर सर्रास ऐकू येई.

पैशांचा मुद्दा टाळून चालणार नाही. २०२१च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे करून कमावता येतं. ‘आता ते हौशी नाहीत, पगारी आहेत, तेव्हा टीका सोसावी’ हा युक्तिवाद मला अगदीच बाद वाटत नाही. खेळावरची टीका तर सोसायलाच हवी. पण कॉलेज बेसबॉल म्हणजे फुटबॉल नव्हे. २०२५च्या हंगामापर्यंत एका बेसबॉल संघाला जास्तीत जास्त ११.७ शिष्यवृत्त्या देता येत होत्या, आणि त्या चाळीसएक मुलांत तुकडे करून वाटायच्या. कुणाला निम्मी फी माफ, कुणाला पाव, कुणाला काहीच नाही. म्हणजे नवव्या इनिंगमध्ये वॉक देऊन (चार चुकीचे चेंडू टाकून) सामना घालवणाऱ्या पिचरला आपण ‘आमच्या पैशांवर जगतोस’ म्हणून ओरडतो, तेव्हा तो पोरगा कदाचित फीचं कर्ज घेऊन खेळत असतो.

२०२४च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर आपल्याच संघाच्या हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली गेली. मुंबई इंडियन्स चौदातले चार सामने जिंकून तळाला गेली. ती हुर्यो मला आवडली नव्हती. पण तिच्यामागचं तर्कट समजू शकत होतं: कॅप्टन बदलण्याचा निर्णय मालकांचा, आणि मालक हाताला लागत नाहीत म्हणून कॅप्टनला धरलं. कॉलेज स्टेशनमध्ये नेमकं हेच घडलं, फक्त हाताला लागणारा माणूस तिथे तिशीतला कोट्यधीश नव्हता. एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता आणि सोमवारी त्याला वर्गात जाऊन बसायचं होतं. इकडे ह्यूस्टनमध्ये त्याच मे महिन्यात ॲस्ट्रोज या व्यावसायिक बेसबॉल संघाचा पिचर लान्स मॅककलर्स याला एका वाईट सामन्यानंतर त्याच्या मुलांना मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी माग काढला तर परदेशात बसलेला कुणी दारू पिऊन पैज हरला होता. पैजेचा बाजार आता कॉलेजच्या सामन्यांपर्यंतही आला आहे. स्टेडियममधला निष्ठावान चाहता आणि तो पैजवाला यांच्यात फरक आहे असं मला मनापासून वाटतं, पण मुलाच्या फोनवर दोघांचे शब्द सारखेच दिसतात.

मला यातली सगळ्यात विचित्र गोष्ट ही वाटते. पोर्टल आल्यापासून प्रत्येक चाहत्याची एकच रड आहे: आता कुणी टिकत नाही, निष्ठा उरली नाही, चार पैसे जास्त दिसले की पोरं उठून जातात. आणि इथे एका संघातली पोरं टिकली! कोच पळाला, त्याचे मदतनीस पळाले, सगळी दारं सताड उघडी होती, तरी लाव्हिओलेट राहिला, केंट राहिला, प्रेगर व्यावसायिक करार सोडून आला. आपण जे मागत होतो ते त्यांनी दिलं. त्याचं फळ म्हणून त्यांचं अखेरचं कॉलेज वर्ष एका घाईच्या नेमणुकीवर खर्ची पडलं, आणि वर शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. हूव्हरला एसईसीच्या स्पर्धेत चेंडू लागून लाव्हिओलेटचा हात मोडला. शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी तो एलएसयूविरुद्ध संघात उभा होता. तो सामना हरल्यावर हंगाम संपला. जुलैत क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघानं त्याला ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलं. सैलावलेली पोरं असं करत नाहीत, एवढं तरी त्या पायऱ्यांवरच्या मंडळींनी कबूल करावं.

हंगामापूर्वीच्या रँकिंगबद्दल थोडंच बोलते, कारण ते तितकंच लायकीचं आहे. फेब्रुवारीतली यादी म्हणजे गेल्या वर्षी कुणी काय मारलं आणि त्यातले कोण परत आले, याची बेरीज. त्यात डगआउटमध्ये कोण उभा आहे याला गुण नसतात. आमचा क्रमांक पहिला होता तो ओमाहाच्या आठवणीला दिलेला होता. मार्च संपायच्या आत आम्ही पंचविसांच्या यादीतूनही गेलो. त्या क्रमांकाचं एकच नुकसान झालं: घाईत केलेली नेमणूक सगळ्यांना आठ महिने शहाणपणाची वाटत राहिली.

तर मग जाब. रॉब चाइल्ड्रेस हे नाव आता लोक विसरले. २००६ ते २०२१ ते आमचे कोच होते. २००७ ते २०१९ सलग तेरा वेळा त्यांनी संघ राष्ट्रीय स्पर्धेत नेला, दोनदा ओमाहाला. २०२१ला २९ विजय, २७ पराभव, कॉन्फरन्समध्ये ९-२१, आणि विद्यापीठानं त्यांचा करार पुढे चालवला नाही. आम्ही ओमाहा जिंकण्यासाठी आहोत, तेरा वेळा नुसते पोहोचण्यासाठी नाही, असा त्यामागचा पवित्रा होता. कठोर वाटलं होतं मला, पण निदान एक मोजपट्टी होती. चार वर्षांनी ३०-२६ आणि ११-१९ झालं, आणि कोच कायम. पट्टी कुठे गेली? मिसिसिपी स्टेटनं २०२१चं विजेतेपद मिळवून देणाऱ्या ख्रिस लेमोनिस यांना २०२५च्या एप्रिलमध्ये हंगाम चालू असतानाच काढलं. मला ती रीत आवडत नाही. पण त्यांच्या चाहत्यांना आपलं विद्यापीठ कशावर समाधान मानतं हे माहीत आहे. आम्हाला ते माहीत नाही.

अर्ली यांना ठेवलं याला माझा विरोध नाही, हे वर म्हटलंच आहे. व्हिटेलोंचं उदाहरण देऊन ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. मग तसं म्हणा. म्हणा की हा माणूस शिकतो आहे, आम्ही त्याला इतकी वर्षं देत आहोत, या काळात पिचिंगची बाजू अनुभवी माणसाच्या हाती राहील आणि अमुक वर्षी आम्ही हिशेब करू. याच विद्यापीठानं २०२३ला फुटबॉल कोच जिम्बो फिशर यांना नुसतं घरी बसवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून अधिक मोजायचं कबूल केलं. एका खेळात चूक निस्तरायला एवढा पैसा आहे, तर दुसऱ्यात चूक होऊ नये म्हणून दोन आठवडे शांतपणे माणसं शोधायला काय लागलं असतं? पोर्टलची मुदत चालू होती, मान्य. दोन-चार मुलं गेली असती, कदाचित. तशीही जी राहिली त्यांचं वर्ष गेलंच.

स्टेडियमच्या खुर्च्यांचे पैसे भरणाऱ्या, देणग्या देणाऱ्या, वर्गमित्रांच्या गटात रात्री दोनपर्यंत भांडणाऱ्या आम्हा सगळ्यांना क्रीडा विभागाकडे एक गोष्ट मागायचा हक्क आहे: २०२१ची पट्टी अजून लागू आहे की नाही, आणि नसेल तर नवी कोणती, हे लेखी सांगा. अल्बर्ट्स यांनी ते मेमध्ये हरल्यानंतरच्या पत्रकार परिषदेत सांगून उपयोग नाही. फेब्रुवारीत, पहिल्या सामन्याची तिकिटं विकायच्या आधी सांगावं.